पान एकशे बारा

नोकरी होती तेव्हा सिस्टरना रिकामा वेळ कशाला म्हणतात हे माहीत नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावर दुसरं काही माहीत राहिलं नाही. तेहतीस वर्षं इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात काढलेली बाई. पहाटे पाचला डोळे उघडायचे ते उघडायचेच, पण पाचनंतर करायचं काय? अंथरुणाच्या चादरीचे कोपरे इस्पितळातल्यासारखे घट्ट दुमडून झाले की दिवस संपला. फोन तर इतका मुका झाला की बिघडला असावा म्हणून त्या दुकानात दाखवून आल्या. दुकानदारानं उलटासुलटा करून पाहिला नि म्हणाला, "फोन ठणठणीत आहे, बाई. कुणी करत नाही, एवढंच."

असल्या माणसाच्या हातात कुणी काही दिलं तर तो ते घट्ट धरणारच. सिस्टरच्या हातात भाचीनं 'रोज एक पान' दिलं.

'रोज एक पान' हा फोनवरचा लिहिणाऱ्यांचा समूह. सहाशेच्या वर माणसं, एकानं दुसऱ्याला कधी पाहिलेलं नाही. रोज सकाळी नऊच्या आत आपलं एक पान लिहून टाकायचं आणि मग बाकीच्यांची पानं वाचून दाद द्यायची. खरं नाव कुणी लावत नसे. एक 'दुपारचा चहा', एक 'गच्चीवरचा', एक 'सासूची लाडकी'. सिस्टरनी सरळ 'सिस्टर' लावलं, कारण तेहतीस वर्षांत त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यावर अ‍ॅडमिनताई. अ‍ॅडमिनताईंचं म्हणणं एकच: इथं फक्त प्रोत्साहन. कुणाच्या लिखाणात खोट दिसली तर ती गिळून टाकायची, आणि गिळवत नसेल तर खासगीत ताईंना कळवायची. ताई ती गिळत.

सिस्टरकडे तीन जाड वह्या होत्या. पाळी संपली की कपडे बदलायच्या खोलीत बसून त्यांनी वर्षानुवर्षं त्यात खरडलं होतं. कोण आलं, कोण गेलं, जाताना काय म्हणालं. सगळं खऱ्या नावानिशी. त्यातलंच एकेक उचलून, नावं बदलून त्या पान टाकू लागल्या. पहिल्या दिवशी त्रेचाळीस बदाम आले. लाल बदाम हो, फोनवरचे. त्रेचाळीस माणसांनी एका सकाळी त्यांच्याकडे पाहिलं होतं. सिस्टरनी चहा केला, तो निवला, परत गरम केला आणि पुन्हा निवला.

वर्षभरात दोनशे पानं झाली आणि अ‍ॅडमिनताईंनी हुकूम सोडला, "सिस्टर, आता पुस्तक!" म्हणता म्हणता सगळे कामाला लागले. नाव मतदानानं ठरलं, 'बेड रिकामा आहे'. मुखपृष्ठ कुणी काढलं, छापखाना कुणी गाठून दिला. इतकी माणसं आपल्यासाठी झटताहेत हे पाहून सिस्टरना भरून यायचं, आणि का येऊ नये? उभा जन्म दुसऱ्याच्या उशाशी उभ्या राहिलेल्या बाई त्या.

सगळे गोड बोलत, एक सोडून. त्यानं नाव घेतलं होतं 'खोडरबर'. बंद पडलेल्या एका वर्तमानपत्रात म्हाताऱ्यानं जन्मभर मुद्रितं तपासली होती, आणि खोड काही गेली नव्हती. सगळ्यांचे बदाम खाली उतरत असताना मध्येच त्याची ओळ यायची: "तिसऱ्या परिच्छेदात पाणी मागणारा पेशंट पहिल्या परिच्छेदात वारला आहे." एकदा लिहिलं, "इथे तुम्ही रडता आहात, वाचक नाही." त्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत. उंटावरचा शहाणा मेला, असं म्हणून त्यांनी ते पान चार वेळा वाचलं. म्हातारा खरं बोलत होता, आणि त्याचाच जास्त राग आला.

आता पुस्तकातल्या ज्या प्रकरणावरून सगळं घडलं ते सांगायला हवं. त्याचं नाव 'सही'.

बारा वर्षांपूर्वी विभागात एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता. मेंदूत ताप गेलेला. पहिले पाच आठवडे शुद्धीत होता आणि वात्रट होता. नर्सांच्या चालण्याच्या नकला करायचा. मग एके दिवशी झोपला तो उठला नाही. श्वासाचं यंत्र लावलं. त्याचा बाप लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. रजा संपली, बिनपगारी संपली, मग नाइलाजानं गाडीवर गेला. यंत्र लावल्याच्या एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, की आता यंत्रच श्वास घेतंय, तो नाही. आई शाळेचे गणवेश शिवायची. सगळे तिला शिवणताई म्हणत. शिवणताईंनी डॉक्टरांना काही विचारलं नाही. सिस्टरना विचारलं, "त्याला दुखतंय का?"

"नाही, ताई."

"मग हे कुणासाठी चाललंय?"

त्यांनी सही केली. कागद सिस्टरनी दोन्ही हातांनी दाबून धरला होता. नवरा दोन दिवसांच्या वाटेवर होता. तो आला तेव्हा शिवणताई म्हणाल्या, "पहाटे झोपेतच गेला." सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्याही मानेनं हो म्हणाल्या.

ड्रायव्हरनं तेच मनाशी धरलं. शहाणं पोरगं, कुणाला त्रास दिला नाही, स्वतःहून गेलं. त्याच एका वाक्यावर तो माणूस बारा वर्षं उभा होता.

पुस्तकाचं ठरलं तेव्हा सिस्टर शिवणताईंच्या घरी गेल्या होत्या. पुढच्या खोलीत दोन मशिनं आणि निळ्या स्कर्टांचा ढीग. शिवणताईंनी ऐकून घेतलं, तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "लिहा. कुणीतरी लिहायला हवंच होतं. पण नाव नको. त्याच्या नकलांचं वेगळं लिहा, ते ह्यांना वाचून दाखवीन मी. सहीचं मात्र असं लिहा की माझ्या सख्ख्या बहिणीलाही ओळखू येऊ नये. ह्यांना कळलं तर मी मेलेच असं समजा."

सिस्टरनी शब्द दिला आणि पाळलाही. नकलांचं प्रकरण वेगळं लिहिलं. 'सही'मध्ये आईची मावशी केली, मुलाची भाची केली, ताप जाऊन अपघात आला. पान समूहावर टाकलं, आणि इथंच माशी शिंकली. अ‍ॅडमिनताईंनी कौल घेतला, "सहीचा प्रसंग अजून वाढवावा का?" एकशे त्रेचाळीस जणांनी हो म्हटलं. 'दुपारचा चहा'नं लिहिलं, "सिस्टर, अजून रडवा आम्हाला!" आता सांगा, रडायची एवढी हौस! पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं दिसत नाही. अ‍ॅडमिनताईंना मजकूर संध्याकाळपर्यंत हवा होता. सिस्टरनी दुपारी जुनी वही काढली आणि त्या दिवसाची दोन पानं पाहून पाहून फोनवर उतरवून काढली. डोळ्यांना धार लागलेली, बोटं आपोआप चाललेली. त्या पानांवर त्यांनी बारा वर्षांपूर्वी संमतीपत्रातल्या चार ओळी जशाच्या तशा टिपून ठेवल्या होत्या. मी, अमुक अमुक, राहणार अमुक, माझ्या मुलाचं यंत्र बंद करण्यास संमती देते. नाव, आडनाव, पत्ता, सगळं. त्याही उतरल्या. पाच वाजता मजकूर गेला. सिस्टरनी तो परत वाचला नाही. आपलंच लिहिलेलं माणूस वाचत नाही, नुसतं ओळखतो.

पण वाचायला 'पहिले तीस' होते ना! ही समूहाची रीतच होती. पुस्तक छापायला जाण्याआधी तीस जणांना मजकूर पाठवायचा, त्यांनी तो वाचायचा, आणि प्रकाशनाच्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला तिसांनीही एकदम आपापलं मत टाकायचं. साठ डोळे. सिस्टर निर्धास्त होत्या. चार दिवसांत निरोप येऊ लागले. "एका बैठकीत वाचून काढलं." "एक शब्द इकडचा तिकडे करू नका."

खोडरबरही तिसांत होता. सहाव्या दिवशी त्यानं समूहावर लिहिलं, "सिस्टर, पान एकशे बारा पुन्हा पाहा. छापू नका. कारण इथे लिहिता येणार नाही. मला फोन करा."

ते वाचून सिस्टरना पान बघायचं सुचलं नाही. 'आता हा शेवटच्या क्षणी माझी लाज काढणार' एवढंच सुचलं. लगेच अ‍ॅडमिनताईंचा फोन. "सिस्टर, ऐन वेळी ही नकारात्मकता नकोच. तुम्ही म्हणत असाल तर काढते त्यांना."

सिस्टरनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग म्हणाल्या, "काढा."

तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण म्हातारा खासगीत छळेल म्हणून त्यांनी त्याचा नंबरही बंद करून टाकला. मग खिडकी उघडली, दीर्घ श्वास घेतला, आणि त्यांना खरोखर हलकं वाटलं.

प्रकाशन एका रविवारी झालं, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. ऐंशी खुर्च्या, त्यातल्या साठेक भरल्या. माणसं एकमेकांना टोपणनावानं ओळख करून देत होती. "मी गच्चीवरचा." "अय्या, तुम्ही बुटके निघालात!" दहाला तिसांपैकी एकोणतिसांची मतं टाकून झाली होती. अ‍ॅडमिनताई ध्वनिक्षेपकावरून ती वाचून दाखवत होत्या आणि सिस्टर मान खाली घालून साडीचा काठ सारखा करत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या त्यांच्यासाठी वाजत होत्या.

शिवणताई आल्या होत्या, मागच्या रांगेत. शेजारी नवरा, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून. कार्यक्रम संपल्यावर तो पुस्तक विकत घेऊन पुढे आला. "सिस्टर, पहिल्या पानावर आमच्या पोराचं नाव लिहा. माझं नको." सिस्टरनी लिहिलं. त्यानं शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरलं, फुंकर घातली, मग पिशवीत ठेवलं.

गर्दी पांगल्यावर एक सडपातळ म्हातारा टेबलाशी आला. जाड भिंगाचा चष्मा, खिशाला लाल पेन. त्यानं नमस्कार केला. "मी खोडरबर."

सिस्टर उठल्या. "या... बसा ना," एवढं कसंबसं म्हणाल्या.

"बसत नाही. तुमचा फोन लागत नव्हता, पत्ता कुणी देईना. अ‍ॅडमिनबाईंना दोन पत्रं लिहिली, त्यांनी बदाम पाठवला. आज छापील प्रत उघडून पाहिली. ते तसंच आहे." त्यानं टेबलावरची प्रत उचलली, एकशे बारावं पान उघडलं आणि बोट न ठेवता त्यांच्यापुढे सरकवली. "प्रकरणभर मावशी आणि भाची. इथे एकदम कुणाचं तरी पूर्ण नाव, पत्ता आणि 'माझा मुलगा'. खरं नाव असावं असं वाटलं. माझी चूक असेल तर क्षमा करा."

नाव आपल्याला काय करायचंय? एकदा जाहीर झालं तेवढं पुरे झालं. सिस्टरनी ते वाचलं, परत वाचलं. रक्ताचा सडा पाहून न हललेली बाई, पण आज टेबलाचा आधार घेऊन उभी होती.

"किती विकल्या गेल्या?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"एकशे साठ. आगाऊ नोंदवलेल्या धरून."

"त्यांची फार काळजी करू नका," तो म्हणाला. "एकोणतीस जणांनी वाचून काही केलं नाही, तर हे न वाचता काय करणार?" तो हसला नाही. जाताना खिशातलं लाल पेन काढून त्यानं उगाच एकदा पाहिलं नि परत ठेवलं.

सोमवारी सकाळी सात वाजता, का कोण जाणे, सिस्टरनी समूहावर एक ओळ टाकली: "पहिल्या तिसांपैकी कुणी सांगेल का, पान एकशे बारावर काय आहे?" तासाभरात सत्तर बदाम आले. 'सासूची लाडकी'नं लिहिलं, "प्रत्येक पानावर सिस्टरचं काळीज आहे!" बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. सिस्टरनी फोन पालथा घातला. कुणावर रागवावं हेही त्यांना कळेना, कारण ज्या एका माणसानं वाचलं होतं त्याला त्यांनी स्वतःच हाकललं होतं.

मग एक कोरी प्रत घेतली, टेबलाचा दिवा लावला, आणि ब्लेडनं एकशे अकरा-एकशे बाराचं पान शिवणीपासून कापून काढलं. टाके काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पान गेलं ते कळतसुद्धा नव्हतं. पहिल्या पानावर पुन्हा मुलाचं नाव लिहिलं, अक्षर तसंच यावं म्हणून आधी कागदावर तीनदा गिरवून.

शिवणताई मशिनवर होत्या. सिस्टरनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. एक शब्द लपवला नाही, खोडरबरला काढल्याचंही सांगितलं. मशीन चालूच होतं. शिवण कडेपर्यंत आली, दोरा कात्रीनं तुटला, तेव्हा कुठे शिवणताईंनी मान वर केली.

"कितव्या पानावर म्हणालात?"

"एकशे बारा."

"काल रात्री नकलांचं प्रकरण वाचून दाखवलं मी. हसले, मग बाहेर जाऊन बसले. मग म्हणाले, आता पहिल्यापासून नीट वाचतो. पंधराव्या पानापर्यंत गेले नि झोपले." त्या बोटांवर हिशोब करत होत्या, कपड्याचं माप काढावं तसा. "शब्द शब्द लावून वाचतात ते. एकशे बारा यायला पंधरवडा जाईल. डब्याच्या पिशवीत घेऊन गेलेत आज. आजच आणा ते परत. आत्ता जा."

"ताई, माझं चुकलं. मी तुम्हाला..."

"सिस्टर," शिवणताई म्हणाल्या, आणि आवाज चढला नाही तरी सिस्टर दचकल्या, "तुम्हाला टाळ्या हव्या होत्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुणाला नको असतात? पण मी बारा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले, आणि किल्ली तुमच्याकडे ठेवायला दिली होती. जा आता."

बसडेपो अर्ध्या तासावर होता. सिस्टर रिक्षात पुस्तक छातीशी धरून बसल्या होत्या, आणि मनात घोकत होत्या: छपाईत चूक झालीय, पानं उलटसुलट लागलीत, बदलून द्यायला आले. साधं वाक्य. पेशंटच्या नातेवाइकांना याहून कठीण वाक्यं त्यांनी याहून सरळ चेहऱ्यानं सांगितली होती.

कार्यशाळेच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली ड्रायव्हरांचं बाक होतं. डिझेलचा वास, एका गाडीचं इंजिन उघडं टाकलेलं. तो बाकावर एकटाच बसला होता. डबा शेजारी, न उघडलेला. पुस्तक मांडीवर, मिटलेलं.

"अहो सिस्टर! इकडे कुठे?" तो उठून उभा राहिला.

"तुमच्याकडेच आले होते. काय झालं, ती तुमची प्रत... छपाईत घोळ झालाय. पानं उलटसुलट लागलीत. म्हटलं, दुसरी देऊन टाकावी."

"हो का?"

"हो ना. नाव पण लिहून आणलंय, पहिल्यासारखंच."

त्यानं नवी प्रत हातात घेतली, पहिलं पान उघडून नाव पाहिलं. मग, सिस्टर नको नको म्हणत असताना, अंगठ्यानं पानं सोडत गेला. शंभर. एकशे दहा. तिथे थांबला. कापल्याची जागा बोटानं चाचपली. गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस तो.

"हे पान काढलंत," तो म्हणाला.



त्यानं बाकावर ठेवलेली जुनी प्रत उचलली. खुणेला त्यात पोराचा शाळेचा बसपास घातलेला होता, कडा पिवळ्या पडलेला, फोटोतलं पोरगं हसू दाबून बसलेलं. पास एकशे बाराव्या पानात होता.

"गाडी सकाळी वर्कशॉपला लागली," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं होती. अनुक्रमणिका बघत होतो, तर 'सही' दिसलं. म्हटलं बघू तरी. सहीशिवाय आमची गाडी गेटाबाहेर पडत नाही ना, रोज दहा सह्या कराव्या लागतात. तेवढ्यासाठी उघडलं, बघा."

तो बाकावर बसला. सिस्टरही बसल्या, मध्ये डबा.

त्यानं उघड्या इंजिनाकडे तोंड केलं. मग बोलू लागला, सिस्टरशी नव्हे, समोरच. "मी असतो तर मला जमलं नसतं. ठेवलं असतं तसंच, महिना, दोन महिने. माझ्यासाठी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बारा वर्षं मी तिला सांगतोय, पोरगं शहाणं, स्वतःहून गेलं. दिवाणखान्यात माणसं बसली की सांगतोय. जेवताना सांगतोय. आणि ती 'हो' म्हणतेय. दर वेळी हो म्हणतेय, सिस्टर. एकदासुद्धा ताटावरून उठली नाही."

सिस्टरना हुंदका आला, तो त्यांनी दाबला नाही. तेहतीस वर्षांत नातेवाइकांसमोर त्या कधी रडल्या नव्हत्या, नियमच होता तसा.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे झालं हे सगळं."

"तुमचं चुकलंच," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, पण खोडून काढलं नाही. "तिला माहितीये का, की हे छापलंय?"

"सकाळीच सांगितलं. त्यांनीच पाठवलंय मला. तुम्ही पंधराव्या पानावर आहात असं त्या समजताहेत."

 मग त्यानं जुन्या प्रतीतून बसपास काढला, शर्टाला पुसला, आणि नव्या प्रतीत पंधराव्या पानात घातला. नीट, सरळ. जुनी प्रत सिस्टरच्या हातात दिली.

"मी पंधराव्या पानावरच आहे," तो म्हणाला. "तिला कळता कामा नये. कळलं तर पोराचं सोडून माझंच ओझं घेऊन बसेल. इतकी वर्षं तिनं केलं, आता मी करतो."

"पण आज ना उद्या..."

"सिस्टर, तेव्हा तुम्ही तिच्यासाठी मान हलवली होतीत. मी पाहिलं होतं. आता माझ्यासाठी हलवा."

सिस्टरनी मान हलवली.

वर्कशॉपमधून कुणीतरी ओरडलं, गाडी तयार आहे. तो उठला, न उघडलेला डबा नि पुस्तक पिशवीत टाकलं, आणि कागदावर सही करायला खिडकीकडे गेला.

डेपोच्या फाटकाबाहेर सिस्टर सावलीत उभ्या होत्या तोच पर्समध्ये फोन वाजला. आधी अ‍ॅडमिनताईंचा निरोप होता: "सिस्टर, दुसऱ्या पुस्तकाचं मनावर घ्या! सगळे वाट बघताहेत." त्यांनी तो वाचला आणि समूहातून बाहेर पडल्या. सहाशे माणसं एका बोटासरशी गेली. मग परत फोन वाजला. शिवणताई.

"भेटले का?"

"भेटले."

"दिलं परत?"

"दिलं. माझ्या हातात आहे."

पलीकडे श्वास रोखलेला ऐकू येत होता. तेहतीस वर्षं ऐकलेला, बंद दाराबाहेरच्या माणसाचा श्वास. "खरं सांगा, सिस्टर. कुठवर वाचलं होतं?"

सिस्टरनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. पास इतका वेळ दाबून राहिल्यानं एकशे बाराव्या पानावर त्याचा चौकोनी वळ उठला होता.

"पंधराव्या पानावर होते, ताई. खूण मी स्वतः पाहिली."

"सुटले बाई," शिवणताई म्हणाल्या. त्या हसल्या की रडल्या ते कळलं नाही. "आता येतील संध्याकाळी नि परत सांगतील मला, पोरगं कसं शहाणं होतं ते. सांगू देत."

फोन ठेवायचा राहून गेला असावा. पलीकडे खुर्ची सरकली, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज सिस्टर बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या.